ओढकामाचा कुत्रा आणि त्याची गाडी

गाडी ओढणारे जनावर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बैल येतो, फार तर टांग्याचा घोडा. परंतु बेल्जियम, नेदरलंड्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंड या देशांत एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लहान शेतकरी, गवळी, पाववाले, भाजीवाले आणि खाटीक यांचा रोजचा माल मोठ्या प्रमाणावर कुत्र्यांनी ओढला. घोडा पोसायचा तर तबेला, दाणा, नालबंद आणि हाताशी बरेचसे भांडवल लागते. कुत्रा मात्र घरात आधीच असतो, घरच्या उरल्यासुरल्यावर त्याचे भागते आणि दिवसभर गाडी ओढून झाल्यावर रात्री तो राखणही करतो. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात तर कुत्रा पुष्कळदा गाडीच्या पुढे नव्हे, तर गाडीच्या खाली, दोन चाकांच्या मध्ये जुंपला जाई. गाडीच्या दांड्या माणसाच्या हातात असत आणि वजन माणूस व कुत्रा मिळून ओढत. या पद्धतीत मालकाला प्रत्येक चढाची जाणीव स्वतःच्या दंडात होत असे, हा तिचा मोठा गुण होता.

या इतिहासातला सर्वांत उद्बोधक भाग स्वित्झर्लंडच्या बर्न प्रांतातला आहे. तेथील मोठ्या चाकासारखे कठीण चीज पूर्वी मुख्यत्वे उन्हाळ्यात, डोंगरावरच्या कुरणांत बनत असे. १८१५ साली कीझेन या गावी खोऱ्यातली पहिली डेअरी सुरू झाली आणि असे चीज सपाटीवरच्या गावातही, आसपासच्या अनेक शेतांवरचे दूध एकत्र करून, बारमाही बनवता येते हे सिद्ध झाल्यावर अशा डेअऱ्या गावोगाव निघाल्या. कच्च्या दुधाचे चीज बनवायचे म्हणजे दूध ताजेच हवे. त्यामुळे सकाळची धार आणि संध्याकाळची धार अशा दोन्ही वेळा शेतापासून डेअरीपर्यंत खेप करणे भाग पडू लागले. ज्याच्या दावणीला चार-पाचच गाई होत्या, त्याला या दोन खेपांसाठी घोडा परवडण्यासारखा नव्हता. अंगणात राखण करणारा आणि गुरे हाकणारा धिप्पाड, तिरंगी कुत्रा मात्र होता, आणि दुधाच्या बरण्यांची लहान गाडी त्याच्या वाट्याला आली.

या कुत्र्यांना त्या काळी ठरावीक जातीचे नाव नव्हते. रिगिसबर्गजवळच्या ड्यूर्रबाख या वस्तीवरून लोक त्यांना ‘ड्यूर्रबेख्लर’ म्हणत. परदेशी जातींचे आकर्षण वाढल्यावर ते मागे पडू लागले, तेव्हा बुर्गडॉर्फचे खानावळवाले फ्रान्झ शेर्टेनलाइब यांनी १८९२पासून खेड्यापाड्यांतून चांगले नमुने मिळवण्यास सुरुवात केली, आणि झुरिकचे भूगर्भशास्त्रज्ञ आल्बर्ट हाइम (१८४९–१९३७) यांनी आपल्या विद्वत्तेचे वजन या कुत्र्यांच्या पाठीशी उभे केले. १९०७ साली त्यांच्यासाठी संघ स्थापन झाला, १९०८ साली शेर्टेनलाइब यांनीच दाखवलेल्या एका आखूड केसांच्या कुत्र्यात हाइम यांनी ‘ग्रेट स्विस माउंटन डॉग’ ही जवळची पण वेगळी जात ओळखली, आणि १९१०च्या सुमारास ‘ड्यूर्रबेख्लर’चे नाव ‘बर्नीज माउंटन डॉग’ असे झाले. ओढकामाशी ज्यांचे नाव जोडले गेले असे इतर कुत्रे म्हणजे जर्मनीतील रॉटवाइल गावच्या खाटकांचा रॉटवाइलर आणि कॅनडाच्या किनाऱ्यावर मासे व सरपण ओढणारा न्यूफाउंडलंड. १९१४मध्ये पहिले महायुद्ध पेटले तेव्हा बेल्जियमच्या सैन्याने आपल्या मशीनगनसुद्धा कुत्र्यांच्या जोड्यांकडून ओढून नेल्या.

परंतु या कामाला एक काळी बाजूही होती, आणि आज गाडी बांधू पाहणाऱ्याने ती प्रथम समजून घेतली पाहिजे. इंग्लंडमध्ये १८३९च्या कायद्याने लंडनच्या पोलीस हद्दीत आणि १८५४च्या कायद्याने देशभरच्या सार्वजनिक रस्त्यांवर कुत्र्यांच्या गाड्यांना बंदी आली. बंदीच्या समर्थकांपैकी काहींचा असा समज होता की अतिश्रमाने कुत्रे पिसाळतात. हा समज चुकीचा होता, कारण पिसाळण्याचा रोग विषाणूमुळे, पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून होतो. पण ओरडत, मार खात, आवाक्याबाहेरचे ओझे ओढणाऱ्या कुत्र्यांची त्यांनी केलेली वर्णने खोटी नव्हती. नेदरलंड्सने १९१० साली ओढकामाच्या कुत्र्यांसाठी स्वतंत्र कायदा करून हा व्यवसाय नियमांत बांधला आणि पुढे १९६०च्या दशकात तो बंदच केला. बेल्जियममध्ये पूर्ण बंदी यायला १९७५ साल उजाडले. स्वित्झर्लंडने वेगळा मार्ग धरला: ओढकामाला योग्य अशाच कुत्र्याला, योग्य साज घालूनच जुंपावे, आजारी, गाभण किंवा पिल्लांना पाजणाऱ्या कुत्र्यांना जुंपू नये, असा तेथील प्राणीसंरक्षण नियमांचा रोख आहे. स्विस नियमांचा हा विचार अधिक नेमका आहे, कारण कुत्र्याचे हाल ओढण्याच्या क्रियेत नसून चुकीचा साज, असमतोल गाडी, कोवळे वय, बेसुमार वजन आणि न संपणारे तास यांत होते. यातली प्रत्येक गोष्ट मालकाच्या हातात असते, म्हणून पुढील विवेचनात कुत्र्याच्या शरीराला पहिले स्थान दिले आहे आणि गाडीला नंतरचे.

बैल मानेने ओढतो. जू त्याच्या वशिंडापुढे टेकते आणि तेथील जाड स्नायू तो भार पेलतात. कुत्र्याला वशिंड नाही. त्याच्या मानेवर किंवा गळ्यावर दाब आला की श्वासनळी चेपली जाते, म्हणून साध्या गळपट्ट्याला दोरी बांधून कुत्र्याकडून काहीही ओढून घेणे हे थेट इजा करणे आहे. कुत्रा ओढतो तो छातीने, आणि त्यासाठी लागणारा जोर मागच्या पायांतून येतो. त्याच्या पुढच्या पायांची रचनाही ध्यानात घेण्यासारखी आहे: माणसाच्या खांद्याला धडाशी जोडणारे गळपट्टीचे हाड कुत्र्यात नावापुरतेच उरले आहे, त्यामुळे त्याचा पुढचा पाय आणि खांद्याचा फरा हे धडाशी हाडाच्या सांध्याने नव्हे, तर केवळ स्नायूंनी व स्नायुबंधांनी जोडलेले असतात. उभ्या कुत्र्याच्या वजनापैकी साधारण ६० टक्के वजन याच पुढच्या पायांवर असते. पाऊल टाकताना फरा बरगड्यांवरून पुढेमागे सरकतो, आणि ही हालचाल अडली की कुत्रा आखूड पावले टाकू लागतो, लवकर थकतो आणि काही महिन्यांत खांद्याने लंगडू लागतो.

साज या एकाच कसोटीवर निवडायचा: ओढ छातीच्या हाडावर पडावी आणि फरा मोकळा राहावा. प्रचारात दोन प्रकार आहेत. पहिला छातीपट्ट्याचा साज; यात पाच ते सात सेंटीमीटर रुंदीचा, आतून नमदा किंवा जाड लोकरी कापड लावलेला पट्टा छातीवर आडवा बसतो, खांद्यावरून जाणारी एक वादी त्याला वर धरून ठेवते आणि पाठीवरचा पट्टा व तंग, म्हणजे पोटाखालून आवळलेला पट्टा, साऱ्याला जागेवर ठेवतात. दुसऱ्या प्रकारात मानेभोवतीच्या दोन पट्ट्या छातीवर खाली उतरत छातीच्या हाडावर एकत्र येतात, तेथून एक पट्टी पुढच्या पायांमधून तंगाला जाऊन मिळते, आणि त्यामुळे भार मोठ्या भागावर वाटला जातो. सरळ, सपाट रस्त्यावरच्या हलक्या गाडीला पहिला प्रकार पुरतो. चढउतार आणि वजन असेल तर दुसरा चांगला. दोन्हींत सर्वांत वारंवार होणारी चूक एकच: पट्टा वर सरकला तर तो घसा दाबतो आणि खाली घसरला तर खांद्याच्या सांध्यावर आडवा येतो. छातीच्या हाडाचे पुढे आलेले टोक बोटाने चाचपून पट्टा नेमका त्यावर बसवावा, कुत्र्याचा पुढचा पाय हाताने उचलून पुढे ताणून पाहावा आणि पट्टा वर ढकलला जात नाही याची खात्री करावी. तंगाखाली दोन बोटे सहज सरकावीत. काम झाल्यावर साज काढून पट्ट्याखालचे केस उलट्या दिशेने चोळून पाहिले की तुटलेले केस आणि लालसर कातडी लगेच दिसते. जेथे केस तुटले तेथे उद्या जखम होणार हे नक्की.

कुत्र्याची निवड करताना जातीपेक्षा प्रकृती आणि वय महत्त्वाचे. मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात. त्या पूर्ण घट्ट होईपर्यंत, म्हणजे सुमारे दीड ते दोन वर्षांपर्यंत, त्यांच्यावर वारंवार जोर पडला तर पाय वाकडे होण्याची आणि सांधे झिजण्याची भीती असते. म्हणूनच अमेरिकेतील बर्नीज आणि न्यूफाउंडलंड या जातींच्या संघांनी घेतलेल्या ओढकामाच्या चाचण्यांत दोन वर्षांखालील कुत्र्याला भाग घेता येत नाही. या जातींत कमरेच्या सांध्याची खळगी उथळ असण्याचा, म्हणजे हिप डिसप्लेसियाचा, आनुवंशिक दोष बराच आढळतो आणि तो बाहेरून पाहून कळत नाही. तेव्हा जुंपण्यापूर्वी पशुवैद्याकडून कमरेचा आणि कोपरांचा एक्स-रे काढून घेणे हा अनिवार्य खर्च समजावा. बर्नीजचे आयुष्य बहुधा सात-आठ वर्षांचेच असते. त्यातली चार-पाच वर्षे तो आनंदाने काम करू शकतो, पण पहिल्या दोन वर्षांत घाई केली तर तीही हातची जातात. वजन किती, या प्रश्नाचे सुरुवातीचे उत्तर सोपे आहे: चांगल्या चाकांवर, सपाट रस्त्यावर, माल आणि गाडी मिळून कुत्र्याच्या स्वतःच्या वजनाइतके. सवयीचा, कसलेला कुत्रा याच्या दुपटीहून अधिक ओढतो, हे खरे आहे. पण तसे ओढून घेण्याची गरज आज क्वचितच कोणाला असते.

दोन वर्षे थांबायचे म्हणजे दोन वर्षे काहीच करायचे नाही, असे नव्हे. पिल्लू असतानाच त्याला हलका साज अंगावर घालून खेळू द्यावे, ‘थांब’, ‘चल’, ‘हळू’, ‘मागे’ आणि डाव्या-उजव्या वळणाचे दोन शब्द शिकवावेत. या सर्वांत ‘थांब’ हा शब्द पहिला आणि सर्वांत पक्का असला पाहिजे, कारण गाडीला जुंपलेला कुत्रा मांजरामागे धावला तर तो एकटा धावत नाही, त्याच्यामागे गाडीही धावते. ‘मागे’ हा शब्द सर्वांत कठीण. कुत्रा निसर्गतः सरळ रेषेत मागे चालत नाही, बसतो किंवा वळतो. त्याला भिंत आणि एक लांब फळी यांच्यामधल्या अरुंद बोळात उभे करून, नाकासमोर धरलेला खाऊ छातीच्या दिशेने खाली नेला की तो आपोआप एक पाऊल मागे घेतो. त्या एका पावलालाच शाबासकी द्यावी आणि बोळ हळूहळू रुंद करत जावा.

खरी कसोटी ओढायला शिकवण्यात नसते, कारण ओढणे कुत्र्याला उपजत येते. कसोटी असते ती मागून येणारा आवाज आणि अंगाला लागणाऱ्या दांड्या यांची सवय करण्यात. मागून कोणी पाठलाग करते आहे, ही भावना कुत्र्याच्या मनात एकदा बसली की ती काढायला फार काळ लागतो. म्हणून पहिल्यांदा साजाला केवळ एक हलकी दोरी बांधून ती जमिनीवर फरफटू द्यावी. मग दोरीच्या टोकाला प्लॅस्टिकची रिकामी बाटली, मग लाकडाचा लहानसा ओंडका. सुरुवातीला ही वस्तू शिकवणाऱ्याच्या हातात असलेल्या दुसऱ्या दोरीने कुत्र्याच्या बाजूने ओढावी, म्हणजे आवाज कशाचा आहे हे त्याला दिसते. नंतरच ती त्याच्या मागे न्यावी. माती, गवत, फरशी आणि खडी यांवरचे आवाज वेगवेगळे असतात, म्हणून प्रत्येक पृष्ठभाग निराळा धडा मानावा. एका वेळी पाच ते दहा मिनिटे पुरेत, आणि प्रत्येक धडा कुत्रा खुशीत असतानाच संपवावा. वारंवार जांभई देणे, ओठ चाटणे, कान मागे पाडणे, शेपूट पोटाशी घेणे या ताणाच्या खुणा आहेत. त्या दिसल्या तर एक पायरी मागे यावे. रागावून किंवा ओढून नेऊन ही पायरी ओलांडता येत नाही, आणि ज्याच्याजवळ एवढा धीर नाही त्याने कुत्र्याला गाडीला जुंपण्याच्या फंदात पडू नये.

यानंतर दांड्यांचा धडा येतो. प्लंबिंगच्या कामात वापरतात तसे दोन हलके पीव्हीसी पाइप घेऊन शिकवणाऱ्याने आणि मदतनीसाने ते कुत्र्याच्या दोन्ही बाजूंनी, अंगापासून थोडे दूर, धरून त्याच्याबरोबर चालावे. सरळ चालताना काही घडत नाही. पण वळणावर बाहेरच्या बाजूची दांडी कुत्र्याच्या कुशीला लागते, आणि येथे त्याच्या मागच्या पायांकडे नीट पाहावे. मोकळा कुत्रा वळताना कंबर वाकवतो आणि मागचे पाय पुढच्या पायांच्या मागोमाग येतात. दांड्यांमध्ये त्याला कंबर वाकवता येत नाही, म्हणून मागचा एक पाय दुसऱ्यावरून आडवा टाकत बाजूला सरकावे लागते. पहिल्या काही वेळा तो दांडी लागताच थबकतो, मान वळवून तिच्याकडे पाहतो, कधी तिच्यावर रेलतो. मग एका क्षणी मागचा पाय आडवा पडतो आणि दांडी कुशीपासून सुटते. शाबासकी नेमक्या त्याच पावलाला मिळाली पाहिजे, उशीर झाला तर कुत्रा ती दुसऱ्याच कशाशी जोडतो. दोन्ही दिशांना लहान वर्तुळात हे पाऊल न अडखळता पडू लागले की मोकळी गाडी आणावी: प्रथम माणसाने ती कुत्र्यापुढे ओढावी, मग शेजारून, मग मागून, आणि सर्वांत शेवटी, मदतनीसाने गाडी मागून धरून ठेवलेली असताना, ती साजाला जोडावी.

गाडीच्या बांधणीत मराठी शेतकऱ्याला ठाऊक असलेले एक तत्त्व जसेच्या तसे लागू पडते. दोन चाकांच्या गाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, म्हणजे मागचा भाग खाली जाऊन दांड्या वर उचलल्या जातात. माल पुढे जास्त झाला की सारे वजन जनावराच्या मानेवर येते. बैल हा दोष काही काळ सहन करतो, कुत्र्याचा कणा करत नाही. उलाळ गाडीचा तंग कुत्र्याचे पोट वर खेचतो आणि पुढे जड झालेली गाडी पाठपट्ट्यातून मणक्यावर दाब देते. म्हणून माल भरलेल्या गाडीच्या दांड्यांच्या टोकांशी एक-दोन किलोपेक्षा अधिक वजन जाणवता कामा नये. गाडीचे वजन चाकांनी पेलायचे असते; कुत्र्याने ती फक्त ओढायची असते.

मापे गाडीची नव्हे, कुत्र्याची घ्यावीत. तो सपाट जागी सरळ उभा असताना जमिनीपासून खांद्याच्या पुढच्या टोकापर्यंतची उंची, बरगड्यांची सर्वांत मोठी रुंदी, आणि छातीच्या पुढच्या टोकापासून मांडीच्या मागच्या कडेपर्यंतची लांबी, ही तीन मापे पुरतात. दोन दांड्यांमधले अंतर बरगड्यांच्या रुंदीपेक्षा आठ-दहा सेंटीमीटर अधिक ठेवावे. जुंपल्यावर दांड्या जमिनीला समांतर राहाव्यात आणि त्यांची टोके खांद्याच्या जरा मागे संपावीत. ती पुढे आली तर वळणावर कशात तरी अडकतात, आणि म्हणून टोकांना रबरी टोप्याही घालाव्यात. कुत्र्याचा मागचा भाग आणि गाडीची पुढची फळी यांत किमान ३० सेंटीमीटर जागा लागते, कारण दुडक्या चालीत मागचे पाय बरेच मागे फेकले जातात आणि एकदा का घोटा फळीवर आपटला की झालेले सारे शिक्षण वाया जाते.

४०-४५ किलो वजनाच्या कुत्र्यासाठी सुमारे ८० सेंटीमीटर लांब व ६० सेंटीमीटर रुंद पेटी पुरेशी होते. तिचा तळ नऊ मिलिमीटरच्या प्लायवुडचा आणि सांगाडा अॅल्युमिनियमच्या चौकोनी नळीचा केला तर रिकामी गाडी १५ किलोंच्या आत बसते. दांड्यांसाठी भरीव बांबू उत्तम. तो हलका असतो, थोडा लवतो आणि मोडला तरी बदलायला सोपा. चाकांच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. सायकलचे चाक स्वस्त आणि हलके असले तरी त्याचा आख दोन्ही टोकांनी फोर्कमध्ये धरला जावा अशा बेताने केलेला असतो; ते एका बाजूनेच गाडीला बसवले तर वजनाखाली आख वाकतो, आणि वळणावर आडवा जोर आला की आरेही दगा देतात. एक तर चाकाच्या दोन्ही बाजूंनी आधार देणारी चौकट करावी, नाही तर व्हीलचेअरची चाके वापरावीत, कारण त्यांचा आख एका बाजूनेच पेलण्यासाठी बनवलेला असतो. पेटी आखाच्या शक्य तितकी जवळ, खाली बसवावी आणि चाकांतले अंतर पेटीपेक्षा रुंद ठेवावे, म्हणजे एक चाक दगडावर चढले तरी गाडी कलंडत नाही. पेटी व आख जोडताना एकाच जागी भोक न पाडता ओळीने चार-पाच भोके पाडावीत. मालाप्रमाणे पेटी थोडी पुढेमागे सरकवून समतोल साधता येतो. द्रव पदार्थ न्यायचा असेल तर भांडे काठोकाठ भरलेले असावे, कारण अर्धे भरलेले दूध प्रत्येक पावलाला हिंदकळते आणि जुळवलेला समतोल मोडते.

साजापासून निघणाऱ्या दोन ओढपट्ट्या गाडीला थेट बांधू नयेत. त्या मधोमध खिळीवर फिरणाऱ्या एका आडव्या दांडक्याच्या दोन टोकांना अडकवाव्यात. कुत्रा चालताना त्याचा डावा आणि उजवा खांदा आळीपाळीने पुढे जातो. दांडके खिळीवर फिरत असल्यामुळे त्या हालचालीबरोबर पट्ट्याही पुढेमागे होतात आणि छातीपट्टा जागेवर राहतो. पट्ट्या गाडीला पक्क्या बांधल्या तर प्रत्येक पावलाला छातीपट्टा कातडीवर घासत जातो. एवढेसे दांडके नसल्यामुळे जितक्या कुत्र्यांच्या छात्या सोलवटल्या असतील, तितक्या जड वजनानेही सोलवटल्या नसतील.

प्रत्यक्ष किती जोर लागतो याचा हिशेब अगदी सोपा आहे आणि तो करून पाहण्यासारखा आहे. गाडी आणि माल मिळून ६० किलो असतील, तर हवा भरलेल्या चांगल्या चाकांवर, गुळगुळीत डांबरी रस्त्यावर चालत्या गाडीला लागणारी ओढ वजनाच्या सुमारे एक टक्का, म्हणजे अर्ध्या-पाऊण किलोच्या आसपास असते. तीच गाडी गवतावर नेली की ओढ पाचपट किंवा त्याहूनही अधिक होते. चढाची गोष्ट याहून वेगळी: २० मीटर चालून एक मीटर वर चढणारा रस्ता दिसायला साधाच असतो, पण तेथे ६० किलोंचा विसावा भाग, म्हणजे तीन किलोंची ओढ वर पडते, १० मीटरला एक मीटर चढ असेल तर सहा किलोंची. उतारावर हाच जोर उलटा फिरतो आणि गाडी कुत्र्याच्या मांड्यांवर येऊन आदळते. त्यासाठी साजाला रोधपट्टा हवा. हा पट्टा मांड्यांच्या मागून, शेपटीच्या बऱ्याच खालून जातो आणि दांड्यांना जोडलेला असतो, त्यामुळे कुत्रा मागे रेलला की गाडीचा वेग आवरतो. लांब उतारावर मात्र केवळ कुत्र्याच्या मांड्यांवर विसंबू नये. सायकलचा हातब्रेक एका चाकाला बसवून त्याची दोरी मालकाच्या हाताशी ठेवावी.

जुंपण्याचा क्रम ठरलेला असावा: प्रथम दांड्या पाठपट्ट्याच्या फासांत, मग ओढपट्ट्या, शेवटी रोधपट्टा, सोडताना याच्या अगदी उलट. जुंपलेला कुत्रा खांबाला बांधून दुकानात जाऊ नये आणि त्याच्याजवळून मालकाने क्षणभरही हलू नये. बर्नीजच्या चाचण्यांत कुत्र्याला अरुंद वाटेतून नेणे, मागे सारणे, वर्तुळात वळवणे, अडथळा बाजूला होईपर्यंत थांबवणे आणि सुमारे अर्धा मैल माल वाहून आणणे अशी कामे असतात; घरच्या कुत्र्यासाठीही रस्त्यावर उतरण्यापूर्वी हीच कसोटी लावावी.

महाराष्ट्रात आणि गोव्यात कुत्र्याच्या गाडीची खरी मर्यादा हवामानाची आहे. कुत्र्याच्या शरीराचे स्वाभाविक तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस असते, आणि माणसासारखा सर्वांगाने घाम येत नसल्याने त्याला थंड होण्यासाठी मुख्यत्वे धापेवर, म्हणजे जिभेवरच्या व श्वासमार्गातल्या ओलाव्याच्या बाष्पीभवनावर अवलंबून राहावे लागते. कोकणच्या दमट हवेत हे बाष्पीभवनच मंदावते. म्हणून पुण्याच्या कोरड्या सकाळी जो कुत्रा मजेत ओढतो, तोच रत्नागिरीत तितक्याच तापमानाला धापा टाकू लागतो. भारतात १९६५च्या नियमांनुसार ओढकामाच्या जनावरांना तापमान ३७ अंशांवर गेले असता दुपारी १२ ते ३ या वेळेत जुंपता येत नाही, दिवसाकाठी नऊ तासांपेक्षा अधिक आणि सलग पाच तासांपेक्षा अधिक काम देता येत नाही. हे नियम बैल, रेडे, घोडे, खेचरे यांना डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत. दुहेरी लोकरीच्या बर्नीजसाठी ३७ अंश ही मर्यादा जीवघेणी ठरेल, आणि त्याला २० अंशांच्या वर जुंपूच नये. लॅब्रॅडॉर किंवा आखूड केसांचा धडधाकट गावठी कुत्रा थोडे अधिक सहन करतो, पण त्यालाही हिवाळ्यातली सकाळच योग्य. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहावी; ती टेकवत नसेल तर कुत्र्याचे पंजेही तेथे भाजतील. जीभ लांब आणि रुंद होऊन बाहेर लोंबू लागली, हिरड्या गडद लाल दिसू लागल्या किंवा पाय लटपटले, तर गाडी तेथेच सोडून कुत्र्याला सावलीत घ्यावे, पोट व मांड्या साध्या पाण्याने भिजवाव्यात आणि पशुवैद्याकडे न्यावे.

गाडी तयार झाली, कुत्रा शिकला आणि हवा थंड असली, तरी पहिली खेप मालकाने स्वतः करावी: ठरलेला माल भरून, दांड्या हातात घेऊन, ज्या रस्त्याने कुत्र्याला न्यायचे त्याच रस्त्याने गाडी पूर्ण अंतर ओढून आणावी. ज्या चढावर त्याला स्वतःला थांबावेसे वाटेल त्या चढावर कुत्र्याला नेऊ नये, आणि ज्या उतारावर गाडी त्याला ढकलेल त्या उतारासाठी आधी ब्रेक बसवावा.